‘शो युवर स्ट्राइप्स’: तापमानाच्या पट्ट्या आणि सातवीच्या वर्गाची गोधडी

हवामानबदल शिकवताना माझी नेहमीची अडचण अशी की, एक-दीड अंशाची वाढ मुलांना किरकोळ वाटते, कारण सकाळ आणि दुपार यांतच त्यांना याहून मोठा फरक जाणवतो. म्हणून यंदा सातवीच्या वर्गासाठी मी ‘शो युवर स्ट्राइप्स’ हे मोफत संकेतस्थळ वापरले. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते आधारलेले आहे. प्रत्येक वर्षासाठी एक उभी पट्टी असते. ठरावीक काळाच्या सरासरीपेक्षा थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष तांबडे, आणि फरक जितका मोठा तितका रंग गडद. जगाची मालिका १८५० पासून सुरू होते. भारताची प्रतिमाही वेगळी मिळते.

या पट्ट्यांचे नाते मुळातच विणकामाशी आहे. त्याच विद्यापीठातील एली हायवुड यांनी २०१७ मध्ये तापमानाच्या नोंदींनुसार रंग निवडून एक पांघरूण विणले होते. ते वाचल्यावर आमच्या वर्गात गोधडीचा विचार आला आणि मुलांनी घरून जुन्या साड्या, परकर, ओढण्या आणल्या. १८५० पासूनची सगळी वर्षे घेणे झेपणारे नव्हते, म्हणून १९२५ ते २०२४ अशी शंभर वर्षे निवडली. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना पाव इंच सोडून दीड इंचाच्या पट्ट्या कापल्या, तेव्हा सुमारे सव्वाआठ फूट लांबीची गोधडी झाली. संकेतस्थळावर निळ्याच्या आठ आणि तांबड्याच्या आठ छटा आहेत. आम्हाला कापडात चार-चार छटांवर भागवावे लागले.

शेवटच्या पट्ट्यांपाशी आमचे गडद तांबडे कापड संपले. २०२४ पर्यंतच्या जागतिक नोंदींतील सर्वांत उष्ण दहा वर्षे २०१५ ते २०२४ याच काळातील आहेत, हे मी फळ्यावर लिहिले होते. पण निळ्या चिंध्यांचा ढीग तसाच उरलेला आणि तांबड्यासाठी पुन्हा घरोघरी विचारावे लागते आहे, हे अनुभवल्यावर वर्ग जितका गंभीर झाला, तितका माझ्या कोणत्याही व्याख्यानाने झाला नव्हता. एका मुलीच्या आजीने धावदोरा घालायला मदत केली आणि आपल्या लग्नाचे वर्ष कोणते, ते पट्ट्यांत शोधून घेतले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना शिक्षकाविना ते वापरणे कठीण जाते. मूळ प्रतिमेवर ना वर्षे आहेत ना अंश. मोजताना मुलांची गफलत होऊ लागली, तेव्हा प्रतिमा छापून तिचे दहा-दहा वर्षांचे तुकडे पाडावे लागले. निळी पट्टी म्हणजे थंडीचे वर्ष, असा गैरसमजही सहज होतो. शिवाय प्रत्येक प्रदेशाची रंगश्रेणी त्याच्या स्वतःच्या चढउतारांवरून ठरवलेली असल्यामुळे दोन देशांच्या छटा शेजारी ठेवून कोण अधिक तापले, हे ठरवता येत नाही. ही गोष्ट शिक्षकाने आधीच सांगितली पाहिजे.

मला सर्वांत मोठी वाटलेली मर्यादा एका विद्यार्थ्याच्या प्रश्नातून समोर आली: “बाई, यात १९७२चा दुष्काळ कुठे आहे?” तो यात नाही, कारण या पट्ट्या केवळ तापमानाच्या आहेत, आणि आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात वर्ष ओळखले जाते ते पावसावरून. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदी मिळवून त्याच गोधडीला पावसाचा काठ लावायचे मुलांनी ठरवले आहे.

सातवीपासून पुढच्या वर्गांसाठी हे साधन मी निःसंकोच सुचवेन. मात्र अंकांसह असलेला स्तंभालेखही तिथेच मिळतो. तो आधी दाखवावा, मुलांना तो वाचता येऊ द्यावा आणि नंतरच कात्री हातात द्यावी. शिवणकामासाठी आठवड्याला दोन तासिका धरल्या, तरी दीड महिना लागतो.