सेलेस्टियन व्हिंटेज ३०: छोट्या ट्यूब गिटार अँपचा आवाज वाढवायचा असेल तर आधी हा स्पीकर बघा

ड्रमर रंगात आला की गिटारचा १५ वॅटचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) पार दबून जातो, सोलो वाजवतोय हे फक्त आपल्यालाच माहीत. मग जो तो सांगतो, ३० वॅटचा घेऊन टाक. अरे पण वॅट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट! म्हणून मी अँप तोच ठेवला आणि आतला स्पीकर बदलून व्हिंटेज ३० बसवला.

आधी सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक होता, २५ वॅटचा, सेन्सिटिव्हिटी (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो) ९८ डेसिबल. व्हिंटेज ३० ची १०० आहे. २ डेसिबल म्हणजे किरकोळ वाटतं पण हिशोब करून बघा, तेवढा फरक अँपकडून काढायचा तर १५ च्या जागी जवळपास २४ वॅट लागले असते. आणि खरी मजा त्याच्याही पुढे आहे, या स्पीकरचा अप्पर मिड (मधल्या स्वरपट्ट्याचा वरचा भाग) चांगलाच उचललेला आहे, २ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथला आवाज कान लगेच पकडतो, त्यामुळे व्हॉल्यूम नॉबला हात न लावता तिसऱ्या स्ट्रिंगवरचा बेंड (तार ताणून चढवलेला सूर) सिंबल्सच्या गोंगाटातून स्पष्ट बाहेर येतो. मला हेच हवं होतं. फक्त टोन सेट करताना मिड कापू नका, एकट्याने वाजवताना मिड कापलेला साउंड भारी वाटतो पण बँडमध्ये गिटार गायब होते.

नावात ३० असलं तरी हा ६० वॅटचा आहे, छोट्या अँपने तो जळायची भीती नाही. घेताना ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) मात्र नीट बघा, ८ आणि १६ दोन्हीत मिळतो, जुन्या स्पीकरवर जो आकडा आहे तोच घ्यायचा. आणि स्पीकर काढलेला असताना ट्यूब अँप चालू करायचा नाही म्हणजे नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बसवणं सोपं आहे, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच बाजू आधी घट्ट केली तर फ्रेमवर ताण येतो.

आता न आवडलेलं. नवा असताना आवाज कडक लागतो, सिंगल कॉइल पिकअपच्या (मुळातच तीक्ष्ण आवाजाच्या) गिटारवर तर टोचतोच, ट्रेबल बराच खाली आणावा लागला, वाजवून वाजवून नंतर तो नरम पडला. वजन ग्रीनबॅकपेक्षा किलोभर जास्त. आणि ग्रीनबॅक जोरात वाजवल्यावर स्वतःच जो गोड फुटायचा (म्हणजे आवाजाला हलकं डिस्टॉर्शन यायचं) तो प्रकार इथे नाही, हा स्वच्छ राहतो, ज्यांना ती ऊब हवीये त्यांनी ग्रीनबॅकच ठेवावा आणि अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर, जरा मागे कलता ठेवून बघावा. स्पीकर सरळ रेषेत मारतो, आवाज पायावर जाण्यापेक्षा कानावर आलेला बरा.

स्पीकर न बदलता बूस्ट पेडलने (सिग्नल वाढवणारं पेडल) भागेल का, तर इनपुटला लावलात आणि अँप आधीच फुटत असेल तर फक्त डिस्टॉर्शन वाढेल, आवाज नाही. इफेक्ट्स लूप (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मध्ये पेडल जोडायची जागा) असेल तर त्यात लावा, पॉवर ट्यूब्समध्ये दम शिल्लक असेल तेवढाच फायदा होईल.