हर्णै, पऱ्या, वेंगुर्ले: जुन्या संगणकावर अक्षरजुळणीसाठी काय घ्यावं

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत छोट्या छापखान्यांत एखादा जाड मॉनिटरचा संगणक प्लॅस्टिकच्या कव्हराखाली अजून जपलेला असतो. मंडळाची आरत्यांची पुस्तिका, जत्रेची पत्रिका, आंबापेटीचं लेबल, शाळेची स्मरणिका, सगळं त्यात असतं आणि दर वर्षी 'तारीख बदला आणि परत काढा' असं सांगत गिऱ्हाईक येतं. अशा मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर ठेवावं याचा हा आढावा. पान मांडायच्या सोयी सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचा तो फॉन्ट, मग कीबोर्ड, आणि मजकूर पुढे कधी बाहेर काढता येईल का ते. बहुतेक जण हाच क्रम उलटा लावतात आणि दहा वर्षांनी तीच पुस्तिका पहिल्यापासून टाइप करत बसतात.

फॉन्टची परीक्षा घ्यायला आपल्या किनाऱ्यावरची चार-पाच नावं पुरतात. 'हर्णै' लिहा. ण वर दोन मात्रा आणि त्यांच्यावर रफार, असा तीन मजली माल आहे. 'वेंगुर्ले' लिहा: वें मध्ये मात्रेला चिकटून अनुस्वार, र्ले मध्ये मात्रेला चिकटून रफार. मग 'शृंगारतळी', आणि शेवटी 'दर्या' आणि 'पऱ्या' शेजारी शेजारी. समुद्रात (दर्यात) रफार, ओढ्यात (पऱ्यात) चंद्रकोरीचा र. जुन्या आठ बिटी फॉन्टमध्ये एकूण २५६ खाने. त्यातले पहिले ३२ वापरता येत नाहीत, म्हणजे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, अंक सगळं उरलेल्या २२४ मध्ये कोंबायचं. फॉन्ट करणाऱ्याने दोन मात्रा आणि रफार यांचा एकत्र ठसा केला असेल तर हर्णै सुबक दिसतं. केला नसेल तर रफार मात्रेवर चढतो किंवा पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. हिंदीपुरता केलेला फॉन्ट हमखास पऱ्या मध्ये अडकतो, कारण चंद्रकोरीच्या र साठी त्यात खानाच नसतो.

ही नावं १० पॉइंटात छापून भिंगाखाली बघा, पडद्यावर बघून ठरवू नका. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या, लेझर प्रिंटरवर १० पॉइंटाच्या उंचीला जेमतेम ४२ ठिपके येतात, त्यात रफाराच्या रेघेच्या वाट्याला दोन-तीन. ६०० डीपीआयवर ८३ येतात, आणि बारीक अक्षरात हा फरक उघड्या डोळ्यांनाही कळतो.

आता पान मांडायच्या सॉफ्टवेअरपैकी मशीनला काय झेपतं ते. ३८६ किंवा ४८६ वर डॉस असेल तर व्हेंचुरा पब्लिशर किंवा ईएमटेक. त्यावर विंडोज ३.१ चालत असेल तर पेजमेकर ५. पेंटियम आणि विंडोज ९५ असेल तर पेजमेकर ६.५. विंडोज ९८ किंवा २००० असेल तर पेजमेकर ७.

व्हेंचुरा १९८६ चं. ६४० केबी मेमरीच्या जुन्या एक्सटी संगणकावर अख्खं पुस्तक बांधणारं, आणि त्या काळासाठी फार विचारपूर्वक केलेलं. मजकूर ते वेगळ्या फाइलीत ठेवतं आणि प्रत्येक परिच्छेदाला नाव देतं, त्यामुळे शंभर पानांचं मथळ्याचं माप एका जागी बदलता येतं. पण देवनागरीसाठी प्रिंटरचा फॉन्ट, पडद्याचा फॉन्ट आणि रुंदीचा तक्ता हे तिन्ही एकमेकांशी जुळावे लागतात. तक्ता चुकला की ओळी उजवीकडे फाटतात. तुमच्याकडे व्हेंचुरातली जुनी कामं असतील तरच ठेवा. नव्याने शोधत फिरू नका.

पेजमेकरवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक कामं त्यातच अडकलेली आहेत. आल्डस कंपनीने ते १९८५ साली मॅकिंटॉशसाठी काढलं, १९९४ मध्ये आल्डस अडोबीकडे गेली, आणि २००१ चं पेजमेकर ७ हे शेवटचं. एका पानाच्या कामाला, म्हणजे पत्रिका, हँडबिल, लेबल यांना, जुन्या मशीनवर याच्याइतकं हाताला येणारं दुसरं काही नाही. युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच कोड असलेल्या, मराठीची जोडाक्षरं ते जुळवत नाही, म्हणून सोबत श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारखं मराठी टायपिंगचं पॅकेज आणि त्याचे फॉन्ट लागतात. टाइपरायटरवर हात बसलेल्या ऑपरेटरला टाइपरायटर पद्धतीचाच कीबोर्ड द्या. नवीन शिकणाऱ्याला इन्स्क्रिप्ट. त्यात 'दर्या' म्हणजे द, र, हलन्त, य, काना. 'पऱ्या' लिहिताना फक्त र च्या जागी शिफ्ट धरून तीच कळ, म्हणजे जे, दाबायची. उच्चार जसा तशी कळ, ठसा कुठला घ्यायचा ते पॅकेज बघतं.

पेजमेकर बसवल्यावर एकही फाइल उघडण्याआधी काही गोष्टी बदला. फाइल उघडी नसताना केलेला बदल पुढच्या प्रत्येक नव्या फाइलीला लागतो. टाइप मेनूतलं हायफनेशन बंद करा. पेजमेकरच्या लेखी तुमचा मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचे कोड. इंग्रजी समजून तो शब्द तोडतो आणि हायफनच्या खान्यात त्या फॉन्टमध्ये जे असेल ते ओळीच्या शेवटी उमटतं. प्रेफरन्सेसमधलं 'टायपोग्राफर्स कोट्स' बंद करा, नाहीतर अवतरणचिन्हाची कळ दाबली की वेगळा कोड जातो आणि मजकुरात भलताच ठसा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: परिच्छेदाच्या स्पेसिंगमध्ये लेटर स्पेसचे तिन्ही आकडे शून्य करा. दोन्ही बाजू जुळवताना पेजमेकर शब्दांमधलीच नाही तर अक्षरांमधलीही जागा ताणतो. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत शिरोरेषा तुटते. किनाऱ्यावरच्या कितीतरी स्मरणिकांत काही ओळींच्या शिरोरेषा दात पडल्यासारख्या दिसतात, त्याचं कारण फॉन्ट नाही, हा एक आकडा आहे. अक्षरं ताणणं बंद केल्यावर अरुंद स्तंभात शब्दांमध्ये भोकं पडतील. तिथे मजकूर डावीकडे जुळवा आणि उजवी कड मोकळी सोडा. तुटलेल्या शिरोरेषेपेक्षा वेडीवाकडी कड कितीतरी बरी.

ओळींमधलं अंतरही आपोआपवर सोडू नका. आपोआप म्हणजे १२० टक्के, १२ पॉइंटाला १४.४. वरच्या ओळीत 'सिंधुदुर्ग' असेल आणि त्याच्या उकाराखाली 'हर्णै' आलं तर दोन्ही एकमेकांत घुसतात. १२ ला १६ ठेवा. पानं थोडी वाढतील, पण आरत्यांची पुस्तिका म्हातारी माणसं समईच्या उजेडात वाचतात हे लक्षात असू द्या.

वर्डमध्ये टाइप करून पेजमेकरमध्ये आणायची सवय सोडा. वर्डचं ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, आणि या फॉन्टमध्ये लहान आणि कॅपिटल अक्षरांचे ठसे वेगवेगळे असल्यामुळे परिच्छेदाची सुरुवातच बिघडते. कंट्रोल-ई दाबून स्टोरी एडिटरमध्ये टाइप करा. तिथे रोमन कचरा दिसला तर प्रेफरन्सेसमध्ये स्टोरी एडिटरचा फॉन्ट देवनागरी करा.

पावसाळ्यात वीज जाण्याचा प्रश्न आहेच, आणि तिथे पेजमेकर खरोखर भरवशाचं आहे. पान बदललं की ते स्वतःहून छोटी नोंद करून ठेवतं. वीज गेली तरी फाइल परत उघडल्यावर बहुधा शेवटच्या पान बदलापर्यंतचं काम मिळतं. म्हणून एकाच पानावर तासभर काम असेल तर अधूनमधून दुसऱ्या पानावर जाऊन या. फाइल फुगत चालली असेल तर 'सेव्ह ॲज' करून त्याच नावाने ठेवा, आकार कमी होतो. घडीच्या पुस्तिकेसाठी बिल्ड बुकलेट हे प्लग-इन पानांचा क्रम लावून देतं. पानं चारच्या पटीत ठेवा आणि आधी मूळ फाइल सेव्ह करा, कारण ते वेगळी नवी फाइल बनवतं. बटर पेपरवर उलटी प्रिंट काढायला मिररची खूण प्रिंटच्या कलर विभागात आहे, पण त्यासाठी पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर लागतो. साध्या लेझरवर ती सोय शोधत बसू नका.

आता डोंगल. श्रीलिपीसारख्या पॅकेजसोबत छोटं कुलूप येतं, जुन्या प्रतींमध्ये ते प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचं असतं. सीडी, खोकं, सीरियल नंबर सगळं असलं आणि कुलूप नसलं तर माल निकामी समजा. सेकंडहँड घेताना समोर लावून, दोन ओळी टाइप करून, प्रिंट काढूनच पैसे द्या. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नसतो, आणि यूएसबीला लावायची प्रिंटरची केबल कुलपाला चालत नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलते. कुलूप मिळत नाही असं दिसलं तर आधी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, पोर्टचा प्रकार ईसीपीवरून नॉर्मलवर आणून बघा. मग पिना. खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा, कानशीने खरवडू नका.

पुस्तकासाठी मात्र आमचा कौल स्पष्टपणे ईएमटेकला. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमची एबरहार्ड माटेस यांनी डॉससाठी केलेली ही आवृत्ती फुकट आहे, आणि तिच्यासोबत फ्रान्स वेल्थुइस यांचं १९९१ चं देवनाग वापरायचं. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा: दीर्घ आ साठी ए दोनदा, ण साठी आधी टिंब आणि मग एन. देवनाग ती फाइल टेकला समजेल अशी करून देतं, मग टेक पानं पाडतं. जोडाक्षरं प्रोग्रॅमच लावतो, ठसे शोधावे लागत नाहीत. लेझरजेटसाठी वेगळा ड्रायव्हर, डॉट मॅट्रिक्ससाठी वेगळा, पडद्यावर बघायला तिसरा. फॉन्ट मेटाफॉन्ट या टेकच्या जोडीच्या प्रोग्रॅममधून तुमच्या प्रिंटरच्या डीपीआयला तयार करून घ्यावे लागतात. ३०० ला केलेले फॉन्ट ६०० च्या प्रिंटरला पाठवू नका.

बसवताना हमखास येणारी अडचण म्हणजे 'आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस'. टेकला फाइलींचे रस्ते सांगणाऱ्या ओळी ऑटोएक्झेक या डॉस सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत लांबलचक असतात आणि डॉसने त्यांच्यासाठी ठेवलेली जागा अपुरी पडते. कॉन्फिग फाइलीतल्या शेल ओळीत ही जागा १०२४ बाइट करा, मशीन परत चालू करा, सुटतं. लग्नपत्रिका, लेबल यांना ईएमटेक अजिबात घेऊ नका. चित्राभोवती मजकूर वळवताना जीव मेटाकुटीला येतो.

तरीही कौल त्यालाच, कारण फाइल साधा मजकूर आहे. देवनाग टेक लाइव्ह या टेकच्या आजच्या संचातही मिळतं. तीस वर्षांपूर्वीची ग्रामदेवतेच्या इतिहासाची फाइल आज उघडते, वाचता येते, अक्षर न अक्षर युनिकोडमध्ये जाते. पेजमेकरच्या फाइलीत ठशांचे क्रमांक असतात. श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये जो क्रमांक रफाराचा, तो सी-डॅकच्या फॉन्टमध्ये भलत्याचाच. म्हणून युनिकोडसाठी त्या त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागतो, आणि तोही ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्या जागा चुकवतो. तपासायला परत तीच नावं: हर्णै, वेंगुर्ले, पऱ्या.

एक्सपीवर युनिकोडने काम करायचं मनात असेल तर रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, विंडोजची सीडी हाताशी ठेवा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तेव्हा तिथे चौकोन दिसला तर फॉन्टला दोष देऊ नका. स्क्रायबस हे पान मांडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण देवनागरी नीट जुळते ती १.५ मालिकेपासून पुढे, आणि ती या मशीनना पेलत नाही. ते काम नव्या संगणकावर करा.

पेजमेकरची जुनी कामं हातात असतील तर या पावसाळ्याआधीच एक करा. पेजमेकर ५ आणि ६ च्या फाइली पेजमेकर ७ मध्ये उघडून नव्याने सेव्ह करा. फॉन्ट बदलण्याची यादी समोर आली तर पुढे न जाता आधी मूळ फॉन्ट बसवा. मग प्रत्येकाची पीडीएफ काढा आणि ॲक्रोबॅटच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर ती पीडीएफ दुसऱ्या मशीनवर रोमन कचरा छापेल. अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये न्यायच्या असतील तर सीएस६ पर्यंतचीच आवृत्ती चालते. फॉन्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फोल्डरला पॅकेजचं आणि कीबोर्डचं नाव द्या.