नुसतं 'हॉरर' लिहून कसं चालेल?

तुमच्या पिक्चर बघायच्या ॲपची प्रिंट, आवाज एकदम मस्त, तक्रार फक्त लेबलची आहे. 'तुंबाड' या पिक्चरवर नुसतं 'हॉरर' लिहिलंय, त्यामुळे घरचे सगळे आता दार करकरणार, आता मागून कोणीतरी येणार म्हणून उशा धरून बसले आणि पिक्चर निघाला हावरटपणाचा, १९१८ पासून सुरू होणारा, सतत पाऊस, पडका वाडा, कणकेच्या बाहुल्या आणि हस्तर नावाचा हावरट, शापित देव. भाऊ अर्ध्यातच उठला, म्हणे भीती कुठाय? त्याची काय चूक! २०१८ ला पिक्चर थेटरात बेताचाच चालला, २०२४ ला परत लागला तेव्हा जास्त कमावलं, मला वाटतं तोवर लोकांना कळलेलं की आपण काय बघायला चाललोय. सोबत 'लोककथा' एवढं तरी टाका ना प्लीज, इतका सुंदर पिक्चर आहे!