दांडिया बाजारातली काचबिंदूची लेझर सेवा: आधीचं काम पक्कं, नंतरचं ढिलं

लेझरच्या मशीनसमोर पेशंट जेमतेम पाच-दहा मिनिटं बसतो. त्यामुळे या सेवेची पारख करायची ती त्याआधी काय तपासलं आणि नंतर काय पाहिलं यावरून. बडोद्यातल्या या नेत्ररुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

आधीचं म्हणजे गोनिओस्कोपी. डोळा सुन्न करून त्यावर आरशाची लेन्स टेकवतात आणि डोळ्यातलं पाणी निचरा होतो तो कोन उघडा आहे की अरुंद, ते बघतात. उघडा असेल तर एसएलटी, म्हणजे निचऱ्याच्या जाळीवर लेझरचे हलके शॉट; अरुंद असेल तर याग नावाच्या लेझरने बुबुळाच्या कडेला बारीक भोक, म्हणजे पीआय. नुसतं डोळ्यातलं प्रेशर मोजून लेझरची तारीख इथे देत नाहीत. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडीही मोजतात. ती पातळ असली तर प्रेशर आहे त्याहून कमी दिसतं.

एसएलटीत 532 नॅनोमीटरचा लेझर, 400 मायक्रॉनचा ठिपका आणि पूर्ण 360 अंशांत साधारण शंभर शॉट. बारीक बुडबुडे उठू लागले की शक्ती थोडी उतरवायची. कोनात रंगद्रव्य जास्त असेल तर सुरुवातच कमी शक्तीने करावी, नाहीतर नंतर प्रेशर उसळतं. इथले डॉक्टर शॉट मारता मारता शक्ती बदलतात, एकाच आकड्यावर रेटत नाहीत.

पीआयआधी बाहुली आकसवणारे पायलोकार्पिनचे थेंब घालून बुबुळ ताणून पातळ करतात. आपली तपकिरी बुबुळं जाड, त्यामुळे शॉट जास्त लागतात. भोक आरपार गेलं की मागून रंगद्रव्य मिसळलेलं पाणी भसकन पुढे येतं. थोडं रक्त आलं तर लेन्स क्षणभर दाबून धरली की थांबतं.

घोळ यापुढे आहे. लेझरनंतर तासाभराने प्रेशर पुन्हा मोजायलाच हवं. गर्दीच्या दिवशी इथे प्रेशर उतरवणाऱ्या ब्रिमोनिडिनचा थेंब घालून घरी पाठवतात. थेंबाने उसळी कमी होते, टळतेच असं नाही, आणि डोळ्याची नस आधीच खूप खराब असेल तर तेवढीही महागात पडते. मोजल्याशिवाय उठू नका.

माहितीपत्रक गुजरातीत आणि इंग्रजीत. गुजराती फर्डं बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनी काय करायचं? ‘लेझरनंतर ड्रॉप सुटतात’, म्हणजे प्रेशरचे रोजचे थेंब बंद होतात, हे काउंटरवरचं वाक्य तर अर्धवटच. ब्रिटनमधल्या लाइट अभ्यासात, 2019 साली, एसएलटी घेतलेल्या चौघांपैकी सुमारे तिघं तीन वर्षांनी ड्रॉपविना होते खरे, पण ते नव्याने निदान झालेले पेशंट होते. तीन-तीन ड्रॉप चालू असलेल्याला तो हिशोब लागू नाही. एसएलटीचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, तोवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ड्रॉप बंद करायचे नाहीत. प्रेशर साधारण 20 ते 30 टक्के उतरतं, काहींचं उतरतच नाही, आणि काही वर्षांनी असर ओसरतो. गेलेली नजर मात्र कुठल्याच लेझरने परत येत नाही.

दर एका डोळ्याचा की दोन्हींचा, आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्यात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पाचपैकी साडेतीन.