टाइमलॅप्स सुरू करताय? कॅमेऱ्यातच व्हिडिओ बनवायचा की फोटो काढून नंतर जोडायचे

टाइमलॅप्स (थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) करून बघू म्हणून मेन्यू उघडला की बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत दोन ऑप्शन दिसतात आणि तिथेच गोंधळ होतो. एक टाइमलॅप्स मूव्ही, म्हणजे कॅमेरा ठरावीक वेळाने फ्रेम घेतो आणि स्वतःच जोडून तयार व्हिडिओ कार्डवर ठेवतो. दुसरा इंटरव्हल टायमर, यात नुसते सुटे फोटो मिळतात, जोडायचं काम आपलं. सगळं नीट जमलं तर दोन्हींचा व्हिडिओ जवळपास सारखाच दिसतो. फरक कळतो तो काहीतरी चुकल्यावर, आणि सुरुवातीला चुकणारच, म्हणून माझं मत सुट्या फोटोंना.

तरी मूव्ही मोड कुठे भारी आहे ते आधी सांगतो. गणित दोन्हीकडे एकच, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फ्रेम लागतात, दर ५ सेकंदांनी एक घेतली तर साधारण २१ मिनिटं कॅमेरा जागचा हलवायचा नाही. पळणारे ढग असतील तर २-३ सेकंदांचा इंटरव्हल (एक फ्रेम सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ), सावल्या सरकताना दाखवायच्या तर २०-३० सेकंद, कळी उमलताना हवी तर काही मिनिटं. हे आकडे वाचून पाठ होतात पण अंदाज यायला वेळ लागतो, आणि इथे मूव्ही मोड खरंच कामाला येतो, शूट संपलं की तिथल्या तिथे प्ले करून बघायचं, ढग उड्या मारत असतील तर इंटरव्हल कमी करून परत लावायचं. जागाही फार खात नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) २५ एमबी धरली तर २५० फोटोंचे ६ जीबीच्या वर जातात, व्हिडिओ त्यामानाने किरकोळ.

आता दुसरी बाजू. मी एकदा गच्चीवरून सूर्यास्त मूव्ही मोडमध्ये घेतला, रंग अप्रतिम आले होते, पण मधे बॅटरी बघायला वाकलो आणि ट्रायपॉडला जरासा पाय लागला. व्हिडिओ बघताना बरोबर त्या जागी अख्खं क्षितिज टुणकन उडतं आणि तिथून पुढे किंचित तिरकंच राहतं. सुटे फोटो असते तर हललेली फ्रेम काढून टाकून पुढच्या सगळ्या फ्रेम एकदम सरळ करता आल्या असत्या, तयार व्हिडिओत ते काम फार किचकट होतं. लेन्ससमोरून पक्षी गेला, कुणी टॉर्च मारला, सगळ्याचं तसंच.

दुसरं म्हणजे फ्लिकर, व्हिडिओचा उजेड लुकलुकणं. फोटो किती उजळ यावा ते ठरवणारे ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो आयएसओ प्रत्येक फोटोला नव्याने हिशोब करतात आणि दोन फोटोंत थोडा थोडा फरक पडतो, ऑटो व्हाइट बॅलन्स असेल तर रंगही डोलतात. त्यामुळे साध्या प्रसंगात सगळं मॅन्युअल, फोकससुद्धा. एवढं करूनही कधीकधी फ्लिकर राहतो कारण लेन्सचं उजेड आत घेणारं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर प्रत्येक क्लिकला बंद होताना केसभर इकडेतिकडे थांबतं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर हा त्रास जवळपास जातो. सुट्या फोटोंवर डीफ्लिकर, म्हणजे लुकलुक घालवणारं सॉफ्टवेअर, आरामात चालवता येतं, रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स नंतरही ठरवता येतो. शिवाय ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोतून ३८४० ची फोर-के फ्रेम काढताना चौकट हळूहळू सरकवायला भरपूर जागा उरते, कॅमेरा स्थिर असूनही पॅन केल्यासारखं, म्हणजे आडवा फिरवल्यासारखं वाटतं, मला हे फार आवडतं.

कॉम्प्युटर जुना असेल तर रॉच्या नादी लागू नका, चांगल्या क्वालिटीचे जेपीईजी काढा. उजेड-रंग सुधारायला वाव कमी, पण फ्रेम काढता येते, सरळ करता येते, क्रॉप होतं आणि फाइली हलक्या. नवशिक्याला मी हाच मधला मार्ग सांगेन. जोडायला दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन पुरतं, ओळीने नंबर असलेले फोटो ते एकच क्लिप म्हणून घेतं.

कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर नसेल तर बाहेरून लावायचा इंटरव्हल रिमोट मिळतो, फक्त पिन आपल्या मॉडेलला बसते का ते बघून घ्या. शटर झिजायची भीती असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, पण ट्यूबलाइट-एलईडीच्या उजेडात पट्टे येत नाहीत ना ते आधी तपासा.

ताऱ्यांचं करायचं असेल तर मात्र प्रश्नच नाही, सुटे फोटो आणि तेही रॉ. २० सेकंदांचं एक्स्पोजर (शटर तेवढा वेळ उघडं), २२-२५ सेकंदांचा इंटरव्हल, आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी सेटिंग) आठवणीने बंद, कारण ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर आणखी २० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो, मधले फोटो सुटतात आणि तारे सरकायच्या ऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. थंडीत दर अर्ध्या तासाने लेन्सवर दव बसलंय का बघत जा, आणि बघताना ट्रायपॉडपासून पाय लांब ठेवा.