अपघातानंतर दोघांनी मिळून घेतलेलं समुपदेशन : बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते. फायदा झाला, चांगलाच झाला. जोडप्यातल्या एकावर मोठा आघात कोसळला असेल तर दोघांनी मिळून जावं, असं मी मनापासून सांगेन. फक्त हा फायदा मला वाटला होता तिथून आला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा नवरा कारच्या अपघातातून वाचला. गाडी तो चालवत होता, शेजारी बसलेला त्याचा मित्र गेला. हाडं जुळली, तो कामावर रुजू झाला आणि सगळे म्हणाले, सुटलात. घरात मात्र तो रात्री ओरडत उठायचा, दार आपटलं तरी दचकायचा, गाडी चालवायचं नाव काढायचा नाही आणि मित्राचा विषय निघाला की खोलीतून निघून जायचा. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडायला लागलं की त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक ताणाचा विकार म्हणतात, हे मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. त्याचे उपचार सुरू झाले. आमची भांडणं आणि अबोला मात्र वाढतच होता, म्हणून जोडप्याच्या समुपदेशनाला गेलो.

पहिल्या ठिकाणचा अनुभव वाईट होता. पहिल्याच तासात त्याला माझ्यासमोर अपघात पहिल्यापासून सांगायला लावला, कसलीही तयारी न करता. तो अर्ध्यावर गप्प झाला आणि पुढचे कित्येक दिवस त्याची झोप उडाली. आघातावर काम करणारा जाणता माणूस आधी आजची परिस्थिती बघतो: झोप कशी आहे, राग किती, दारू वाढलीय का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. आठवणींना हात त्यानंतर. आम्ही समुपदेशक बदलले, आणि तसं करायला कुणीही संकोच करू नये.

दुसऱ्या बाईंनी आधी दोघांना एकत्र भेटून मग एकेकटं बोलावलं. एकटी असताना मला सरळ विचारलं, घरात कधी हात उचलला गेलाय का, तुम्हाला त्याची भीती वाटते का? आमच्याकडे तसं नव्हतं. पण जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे एकत्र बसवणं धोक्याचं असतं, कारण तिथे बोललेलं घरी गेल्यावर महागात पडू शकतं. अशा वेळी आधी सुरक्षिततेची सोय आणि वेगवेगळी मदत लागते. हा प्रश्न त्यांनी विचारला, तिथेच माझा विश्वास बसला.

मग त्यांनी विचारलं, "त्याच्यासाठी तुम्ही आता काय काय करता, जे आधी करत नव्हता?" मी सांगत गेले. गाडी मीच चालवते. अपघाताची बातमी लागली की चॅनल बदलते. मित्राच्या घरच्यांचा फोन मी घेते आणि तो झोपलाय म्हणून सांगते. लांबचं आमंत्रण आलं की त्याला न विचारताच नाही कळवते. वहीचं पान भरलं. नवरा ते वाचत होता आणि त्यातलं निम्मं त्याला माहीतच नव्हतं.

एखादी गोष्ट टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो हे मनावर आणखी पक्कं बसतं. भीती कमी व्हायची संधीच मिळत नाही. जोडीदार मायेपोटी टाळायला मदत करतो आणि घर हळूहळू त्या भीतीच्या सोयीने चालायला लागतं. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांनी पीटीएसडीसाठी जोडप्यांची १५ सेशन्सची पद्धत बसवली, तिच्यात या टाळाटाळीवर दोघांनी मिळून काम करण्याला मोठी जागा आहे. ४० जोडप्यांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आघात झालेल्यांची लक्षणं कमी झालीच, शिवाय नात्यातलं त्यांचं समाधानही वाढलं. आमच्या बाईंनी ती पद्धत तंतोतंत पाळली नाही, पण दिशा तीच होती.

आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग इंजिन सुरू करायचं, मग जवळच्या रिकाम्या रस्त्यावर. माझं काम एकच, दर थोड्या वेळाने विचारायचं, "आता किती?" त्याने भीती किती वाटतेय त्याचा शून्य ते दहामधला आकडा सांगायचा. आकडा उतरेपर्यंत उठायचं नाही. "काही होत नाही रे" म्हणायला मला मनाई होती आणि ते पाळणं मला फार जड गेलं.

तो ड्रायव्हरच्या जागी बसला, मी शेजारी बसले आणि आकडा एकदम नऊ. मी उतरून मागे बसले तर पाच. त्याची भीती गाडीची नव्हतीच, शेजारच्या सीटवर कुणी असण्याची होती. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या मते त्याला स्वतःलाही तेव्हाच कळलं. पुढच्या सेशनमध्ये मित्राबद्दल तो पहिल्यांदा सलग बोलला. मी नुसती ऐकत होते.

भांडणांसाठी एक नियम मिळाला आणि तो आजही रोजच्या उपयोगाचा आहे. नात्यांचे संशोधक जॉन गॉटमन सांगतात की वादात नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. आमच्याकडे तो उठून जायचा आणि मी मागोमाग जायचे. आता जो उठतो त्यानेच परत बोलायची वेळ सांगायची आणि ती पाळायची. वेळ सांगितलेली असली की मला मागे जावंसं वाटत नाही.

माझ्याबद्दलही बोलणं होईल अशी अपेक्षा नव्हती. त्याला यायला थोडा उशीर झाला की मी एकामागून एक फोन करायचे, आणि त्याला तो संशय वाटायचा. बाईंनी खुर्च्या समोरासमोर वळवायला लावल्या आणि फोन लागत नाही तेव्हा मला काय दिसतं ते त्याला सांगायला सांगितलं. मला हॉस्पिटलचा दरवाजा दिसतो, मी म्हटलं. तेव्हापासून निघताना तो एक ओळीचा मेसेज करतो.

काय जमलं नाही, तेही सांगायला हवं. भयानक स्वप्नं यातून कमी झाली नाहीत, त्यासाठी त्याचे स्वतंत्र उपचारच कामी आले. मी फक्त एवढं शिकले की झोपेत ओरडला तर धरून हलवायचं नाही, थोडं अंतर ठेवून नावाने हाक मारायची, दिवा लावायचा आणि तू घरी आहेस म्हणून सांगायचं. शारीरिक जवळीक फार सावकाश परतली. "मीच का वाचलो" हा त्याचा प्रश्न अजून आहे. ऑनलाइन सेशन्स आम्हाला मानवली नाहीत, कारण त्याच्या पायाची थरथर कॅमेऱ्यात दिसत नाही आणि बाई नेमकी तीच बघून थांबायच्या. आणि काही सेशन्सनंतरचे एकदोन दिवस आधीपेक्षा वाईट गेले. त्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नये.

नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या: आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण आहे का? एकाने एकट्यात सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का? स्वतंत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी, आमच्या संमतीने, बोलणार का? तब्येत एकदम बिघडली तर दोन सेशन्सच्या मध्ये कुणाला गाठायचं? आमच्या बाईंनी या चारही प्रश्नांची उत्तरं पहिल्या फोनवरच दिली होती.