इन्सुलिनसाठी कोणते साधन शिकवावे: सिरिंज, पेन की पंप?

ज्यांचे शालेय शिक्षण कमी झाले आहे, ज्यांना दवाखान्यासाठी कामावरून वारंवार सुटी मिळत नाही किंवा ज्यांच्याशी कोणी त्यांच्या भाषेत सावकाश बोललेले नाही, अशा मधुमेही प्रौढांना इन्सुलिन घेण्याचे साधन ठरवून देताना बहुतेक ठिकाणी कोणत्या साधनाच्या पायऱ्या कमी आहेत, एवढेच पाहिले जाते. हा निकष अपुरा आहे. पायऱ्या सरावाने अंगवळणी पडतात. पण इन्सुलिन शरीरात पोहोचलेच नाही किंवा मात्रा चुकली, तर घरी एकट्या असलेल्या माणसाला ते कशावरून कळेल आणि तो पुढे काय करील, याचे उत्तर प्रत्येक साधनागणिक बदलते. पुढील तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

सिरिंज आणि कुपी ही जोडी सर्वांत स्वस्त आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि म्हणून ती सोपीही समजली जाते. प्रत्यक्षात डोळ्यांची आणि हाताची सर्वाधिक परीक्षा तीच घेते. बारीक रेषा वाचणे, हवेचे बुडबुडे काढणे आणि दोन प्रकारचे इन्सुलिन एकत्र घ्यायचे असल्यास आधी स्वच्छ व मग गढूळ हा क्रम पाळणे, ही कामे मधुमेहामुळे नजर अधू झालेल्या माणसाला जड जातात. त्याहून मोठा धोका, जेथे 40 आणि 100 युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन मिळते तेथे, चुकीची जोडी जमण्याचा आहे. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चे इन्सुलिन 10 च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात 10 नव्हे, 25 युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. येथे गुणाकार-भागाकार समजावत बसण्यापेक्षा कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून दोन्ही सारखे दिसतात का, हे पाहायला शिकवावे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे जमते.

पेन म्हणजे आत इन्सुलिन असलेले, लेखणीसारखे दिसणारे इंजेक्शन; त्यात मात्रा फिरवून लावायची असल्याने ही चूक बरीच टळते. प्रौढांना 4 मिलिमीटरची सुई पुरते, शरीरयष्टी कशीही असली तरी, आणि सुईची भीती कमी होण्यास त्याने मोठी मदत होते. मात्र पेनच्या चुका मुकाट असतात. प्रत्येक वेळी 2 युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का हे पाहिले नाही, किंवा बटण दाबल्यानंतर दहापर्यंत न मोजताच सुई काढून घेतली, तर मात्रा अपुरी जाते आणि साखर का वाढली हे कोणालाच उमगत नाही. क्लिक मोजून मात्रा लावण्याची सवयही लावू नये, कारण काही पेनांत एक क्लिक म्हणजे अर्धे युनिट असते.

टाइप 2 मधुमेहासाठी व्ही-गो हे 24 तास अंगावर चिकटवून ठेवायचे यांत्रिक साधन आहे. त्यात बॅटरी वा पडदा नाही. दिवसभरात 20, 30 किंवा 40 युनिट सावकाश देणारे तीन प्रकार असून जेवणाच्या वेळी बटणाच्या प्रत्येक दाबाला 2 युनिट मिळतात. शिकवण्याच्या दृष्टीने ते फार सुटसुटीत आहे. मात्र ज्याची गरज या तीन आकड्यांत बसत नाही, त्याच्यासाठी ते नाही.

पंप म्हणजे त्वचेखालच्या बारीक नळीतून दिवसभर इन्सुलिन सोडत राहणारे छोटे यंत्र; त्याच्याबाबत मात्र थांबून विचार करावा लागतो. गणित जमणार नाही म्हणून अशा रुग्णांना पंपाचा पर्याय पुष्कळदा सांगितलाही जात नाही आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जेवणातील कर्बोदके मोजून मात्रा काढणे हा पूर्वी पंपाचा अविभाज्य भाग होता. परंतु साखर सतत मोजणाऱ्या, अंगावर लावलेल्या सेन्सरचे आकडे पाहून मात्रा आपोआप बदलणारे पंप आता आले आहेत. 2023 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आयलेट या पंपाला सुरुवातीला केवळ वजन सांगावे लागते आणि जेवण नेहमीइतके, कमी की जास्त एवढेच कळवावे लागते. म्हणजे गणिताचा अडसर बराचसा दूर झाला. उरला तो बिघाडाचा. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते, शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. त्यामुळे त्वचेखालची नळी दुमडली किंवा सुटली, तर टाइप 1 च्या रुग्णात, म्हणजे ज्याचे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्याच्यात, काही तासांत किटोॲसिडोसिसची (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेची) सुरुवात होऊ शकते. शिवाय नळीचा संच दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो, सेन्सर वेगळा, आणि हा खर्च कधी थांबत नाही. पुरवठ्याची खात्री नसताना पंप देणे म्हणजे त्या माणसाला अर्ध्यावर सोडणे होय.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगायचे आहे. इंजेक्शनची जागा बदलत राहणे, साखर उतरल्याची लक्षणे, इन्सुलिन कोठे ठेवावे हे गटात उत्तम शिकवता येते, कारण लोक एकमेकांना विचारतात. साधन हाताळणे मात्र एकेकाला वेगळे घेऊनच शिकवावे. चित्रफीत ही उजळणीपुरती ठीक. ‘समजले का?’ असे विचारल्यास मान हलतेच, म्हणून ‘आता तुम्ही मला शिकवा’ असे सांगून संपूर्ण कृती करून घ्यावी.

तेव्हा नजर किंवा बोटे साथ देत नसतील आणि परवडत असेल, तर सिरिंजऐवजी पेन द्यावे. खर्च परवडणारा नसल्यास सिरिंज शिकवण्यासाठी दुप्पट वेळ राखून ठेवावा. साखर सतत वरखाली होत असेल, पुरवठा पक्का असेल आणि अडचणीत फोन करता येईल असे कोणी असेल, तर शिक्षण किती झाले हे न पाहता पंपाचा विचार करावा. मात्र पंप सुरू करण्याच्या दिवशी तो अंगावर लावण्याआधी पेन किंवा सिरिंजने इंजेक्शन कसे घ्यायचे हे त्या व्यक्तीकडून करवून घ्यावे आणि ते साधन तिच्या पिशवीत ठेवूनच तिला घरी पाठवावे.